बोटाला चटका, पिनला मरण: सर्किटचे इनपुट स्टॅटिकपासून कसे वाचवायचे

मुलुंडच्या एका दवाखान्यात मी टोकन नंबर दाखवणारं यंत्र बसवून दिलं होतं. काम अगदी साधं. रिसेप्शनच्या टेबलावर स्टीलचं बटण, तिथून चार मीटर वायर भिंतीवरच्या डिस्प्लेपर्यंत, आणि डिस्प्लेच्या पेटीत एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम चालवणारी चिप. बटण दाबलं की नंबर एकाने वाढायचा. जूनपासून डिसेंबरपर्यंत एक तक्रार आली नाही. जानेवारीत तिथल्या ताईंचा फोन आला. "दादा, मी खुर्चीतून उठून बटण दाबलं की नंबर चार-पाचने पळतो. आणि बोटाला चटका बसतो."

मी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं सोडून दिलं. बटणाचे कॉन्टॅक्ट थरथरत असतील असं धरून प्रोग्राम बदलून आलो. आठवड्याने डिस्प्ले गोठला. जाऊन पाहिलं तर आयसी, म्हणजे तीच चिप, हाताला गरम लागत होता. अॅडॉप्टर काढून परत लावला, सगळं पूर्ववत. आणखी चार दिवसांनी बटण कायमचं बंद पडलं. मल्टिमीटर लावला तेव्हा चिपच्या ज्या पायाला, म्हणजे पिनला, बटणाची वायर येते तिथपासून ग्राउंडपर्यंत (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या टोकापर्यंत) जेमतेम ४० ओहम दाखवत होता. चांगल्या पिनवर हा आकडा लाखांच्या घरात असतो. बाकीच्या पिना ठणठणीत होत्या, मेली होती फक्त बटणाची. याचं कारण ताईंनी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं: तो चटका.

त्या चटक्यात काय असतं, ते आधी पाहू. शाळेत आपण केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलायचो, तीच ही स्थिर वीज, म्हणजे स्टॅटिक. आपल्या भाषेत अंबरला, म्हणजे झाडाच्या जुन्या राळेच्या मण्याला, तृणमणी म्हणतात, गवताच्या काड्या ओढून घेणारा मणी. ग्रीक लोक त्याच मण्याला एलेक्ट्रॉन म्हणत, आणि त्यावरून विजेचं इलेक्ट्रिसिटी हे नाव पडलं. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना चिकटून दूर झाल्या की एकीवरचे काही इलेक्ट्रॉन दुसरीवर राहतात. घासणं सक्तीचं नाही, नुसतं चिकटून सुटणं पुरतं. रेक्झिनच्या किंवा फोमच्या खुर्चीतून उठणं म्हणजे नेमकं हेच: कपडा आणि गादी एकमेकांपासून सुटतात आणि माणूस चार्ज होऊन उभा राहतो. पायात रबरी चप्पल असेल तर तो चार्ज जमिनीत उतरत नाही. मग समोर जो पहिला धातू येईल, तिथे उतरतो.

मुंबईतल्या वर्कशॉपमध्ये मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय की आपल्याकडे दमट हवा आहे, आपल्याला स्टॅटिकची काळजी नाही. हे अर्धं खरं आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या हँडबुकातला एक जुना तक्ता या क्षेत्रात सगळीकडे दाखवला जातो. त्यानुसार गालिच्यावर चालणाऱ्या माणसावर कोरड्या हवेत, म्हणजे १० ते २० टक्के आर्द्रतेत, ३५,००० व्होल्टपर्यंत जमू शकतात आणि ६५ ते ९० टक्के आर्द्रतेत १,५००. फोमच्या खुर्चीसाठी तेच आकडे १८,००० आणि १,५००. फरक मोठा आहे, पण दमट हवेतला आकडाही शून्य नाही. १,५०० व्होल्ट चिपला पुरेसे होतात. शिवाय ते आपल्याला कळतही नाहीत, कारण माणसाला चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. म्हणजे पावसाळ्यातही चिप मरू शकते, आणि मारणाऱ्याला पत्ता नसतो.

दमटपणाने नेमकं काय होतं, याबद्दलही गैरसमज आहे. ओली हवा वीज वाहून नेते असं नाही. वस्तूंच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा अगदी पातळ थर बसतो आणि त्यावरून चार्ज हळूहळू निथळून जातो. जानेवारीत उत्तरेकडचं वारं सुटलं की दुपारी हा थर विरळ होतो. त्यात दवाखान्यात दिवसभर एसी. एसीच्या पाइपातून बाहेर टपकणारं पाणी म्हणजे खोलीतल्या हवेतून काढून घेतलेला ओलावाच. जूनमध्ये न दिसलेली चूक जानेवारीत दिसली ती यामुळे.

आता प्रश्न असा की हजारो व्होल्ट बसूनही ताई हात झटकून कामाला लागल्या आणि चिप मात्र मेली, हे कसं? माणसाचं शरीर विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारी वस्तू, आहे, सुमारे १०० ते १५० पिकोफॅरडचा. ८,००० व्होल्टला चार्ज झालेल्या १५० पिकोफॅरडमध्ये ऊर्जा भरते फक्त ५ मिलिज्यूल. बोटाला हे काहीच नाही. पण ही ऊर्जा बाहेर पडते ती शंभरेक नॅनोसेकंदांत. एका नॅनोसेकंदात प्रकाशसुद्धा फूटभरच जातो. इतक्या थोड्या वेळात सगळं रिकामं व्हायचं म्हणजे करंट प्रचंड. उपकरणांच्या तपासणीसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६१०००-४-२, यात ८ किलोव्होल्टच्या चटक्याचा पहिला उंचवटा ३० अँपिअरचा धरतात आणि तो नॅनोसेकंदाच्या आत चढतो. कुठलाही फ्यूज इतक्या वेळात जागाही होत नाही.

समोर काय आहे तर मॉसफेटची, म्हणजे चिपमधल्या बारक्या ट्रान्झिस्टरची, गेट. गेटखाली सिलिकॉन डायऑक्साइडचा, म्हणजे काचेसारखा, पडदा असतो आणि तो एका नॅनोमीटरला साधारण १ व्होल्ट सोसतो. १० नॅनोमीटरचा पडदा १० व्होल्टच्या आसपास फुटतो. एकदा भोक पडलं की ते बुजत नाही.

माझ्या यंत्रात जे तीन प्रकार दिसले, ते या नुकसानीचे तीन चेहरे होते हे मला नंतर उमगलं. नंबर पळाला तेव्हा चिपला इजा झाली नव्हती, ती फक्त गोंधळली: ठिणगीचे धक्के तिने बटणाचे दाब म्हणून मोजले. डिस्प्ले गोठून आयसी गरम झाला त्याला लॅचअप म्हणतात. सीमॉस चिपच्या (आजच्या बहुतेक चिप याच जातीच्या) घडणीतच नकळत एक थायरिस्टर, म्हणजे एकदा चालू झाला की चालूच राहणारा स्विच, तयार झालेला असतो. पिनमधून आत घुसलेल्या करंटने तो चालू झाला की पुरवठा आणि ग्राउंड यांच्यामध्ये जवळजवळ शॉर्ट होतो आणि वीज काढल्याशिवाय सुटत नाही. अॅडॉप्टर वेळेत काढला नाही तर चिप जळते. तिसरा चेहरा म्हणजे मेलेली पिन. चौथाही एक असतो, आणि मला तो सगळ्यात वाईट वाटतो: चिप अर्धवट जखमी होते, चाचणीत पास होते, आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या भिंतीवर मरते. तेव्हा कोणालाच कारण सापडत नाही.

"पण डेटाशीटमध्ये २ किलोव्होल्ट सोसते असं लिहिलंय," हे माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हमखास म्हणतात. कंपनीच्या त्या माहितीपत्रकात लिहिलेलं खरं आहे, पण ते कशासाठी लिहिलंय ते पाहायला हवं. तो आकडा बहुतेक वेळा मानवी शरीराच्या मॉडेलचा असतो: १०० पिकोफॅरड, आणि वाटेत १,५०० ओहम. त्यात २ किलोव्होल्टला जास्तीत जास्त सव्वा-दीड अँपिअर वाहतात. कारखान्यात, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून, काळजीपूर्वक हाताळताना चिप वाचावी एवढाच त्याचा हेतू. दवाखान्यातल्या बटणावर बसणारा चटका ३० अँपिअरच्या जातीचा. चिपच्या प्रत्येक पिनमागे पुरवठ्याकडे आणि ग्राउंडकडे जाणारे दोन बारके डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे पार्ट, असतात हे खरं, पण ते शेवटचे पहारेकरी आहेत. फाटकावर त्यांना एकटं उभं करायचं नसतं.

इथून संरक्षणाचा मुद्दा सुरू होतो, आणि मला सांगायचं आहे ते एवढंच: आलेला चार्ज अडवायचा नाही, त्याला वाट काढून द्यायची. ज्यांनी तळमजल्यावर पावसाळे काढले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. दारात फळी लावून पाणी थांबत नाही. उंबरठ्याबाहेरचं गटार मोकळं असेल तर घर वाचतं. चार्जला ग्राउंडकडे जायला चिपपेक्षा सोपी, आखूड आणि रुंद वाट वायर आत येते तिथेच मिळाली पाहिजे. कोणता पार्ट वापरला हा त्यानंतरचा प्रश्न.

सगळ्यात स्वस्त पार्टपासून पाहू, साध्या कपॅसिटरपासून. इनपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक लावला तर काय होईल? ८,००० व्होल्टला १५० पिकोफॅरडमधला एकूण चार्ज होतो १.२ मायक्रोकुलोंब. तो सगळा १०० नॅनोफॅरडमध्ये ओतला तर व्होल्टेज चढतं फक्त १२. आठ हजारांचे बारा! चार आण्यांच्या वस्तूने एवढं होतं हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी गणित दोनदा तपासलं होतं. १० नॅनोफॅरड लावला तर मात्र तेच सुमारे १२० व्होल्ट होतात, म्हणून इथे हात आखडता घेऊ नये. कपॅसिटर ५० व्होल्टचा किंवा त्याहून वरचा घ्यावा, कारण सिरॅमिक कपॅसिटरवर व्होल्टेज वाढलं की त्याची क्षमता घटते.

१२ व्होल्टही ५ व्होल्टच्या चिपला जास्तच. अर्डुइनो उनो या शिकाऊंच्या बोर्डावरच्या अॅटमेगा३२८पी चिपला पुरवठ्याच्या वर अर्धा व्होल्ट आणि ग्राउंडच्या खाली अर्धा व्होल्ट इतकीच मुभा आहे. म्हणून कपॅसिटर आणि पिन यांच्यामध्ये रेझिस्टर घालायचा. १ किलोओहम असेल तर उरलेल्या ६-७ व्होल्टना त्यातून ६-७ मिलिअँपिअरच ढकलता येतात, आणि तेवढं चिपच्या आतले डायोड आरामात पेलतात. बटणासाठी १० किलोओहमही चालतो. मात्र रेझिस्टर एकटा लावून भागत नाही. हवा एका मिलिमीटरला साधारण ३,००० व्होल्टला हार मानते. तांदळाच्या कणीएवढ्या एसएमडी रेझिस्टरवरून ८,००० व्होल्टची ठिणगी सरळ उडी मारून पलीकडे जाते आणि रेझिस्टर असून नसल्यासारखा होतो. आधी व्होल्टेज खाली आणणारा पार्ट, मग रेझिस्टर, मग चिप, हा क्रम सांभाळावा.

टीव्हीएस डायोड हा खास याच कामासाठी बनवलेला पार्ट. ठरावीक व्होल्टेजला वाहू लागणाऱ्या झेनर डायोडचाच भाऊबंद, पण मोठा करंट अंगावर घ्यायला घडवलेला. एसएमएजे५.०ए घ्या: ५ व्होल्टपर्यंत तो जवळजवळ शांत असतो, ६.४ च्या पुढे वाहू लागतो, आणि विजेच्या मोठ्या लोंढ्यातही व्होल्टेज ९ च्या आसपास धरून ठेवतो. मॉसफेट वाचवायला मॉसफेटपेक्षा चपळ काहीतरी लागतं, आणि टीव्हीएस ते आहे.

दुसरी पद्धत म्हणजे इनपुटपासून पुरवठ्याकडे एक आणि ग्राउंडकडे एक असे दोन शॉट्की डायोड. बीएटी५४एस या तीन पायांच्या पार्टमध्ये दोन्ही एकत्र मिळतात. हे डायोड चिपच्या आतल्या डायोडआधी चालू होतात, कारण त्यांना वाहायला कमी व्होल्टेज लागतं. पण वरच्या डायोडमधून गेलेला चार्ज जातो कुठे? पुरवठ्याच्या रेलवर, म्हणजे चिपला वीज नेणाऱ्या वायरवर. ५ व्होल्टचा पुरवठा देणारा ७८०५ सारखा रेग्युलेटर करंट देतो, परत घेत नाही. म्हणून जवळच १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. आपले १.२ मायक्रोकुलोंब त्यात ओतले तर रेल फक्त ०.१२ व्होल्टने वर जाते. कोणी चुकून १२ व्होल्टची वायरच इनपुटला जोडली तर मात्र कपॅसिटर भरून जातो आणि रेल वर चढते. तिथे रेलवर झेनर किंवा टीव्हीएस लागतो.

आता त्या चुकीकडे येतो जी मी चांगल्या इंजिनिअरांच्या बोर्डांवरही पाहिली आहे. टीव्हीएस आहे, किंमत मोजून उत्तम घेतला आहे, आणि बसवला आहे चिपच्या शेजारी, कनेक्टरपासून तीन इंच दूर, ग्राउंडला जोडणारा ट्रॅक केसासारखा. तांब्याच्या ट्रॅकला रेझिस्टन्स नगण्य असतो, पण इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या अचानक बदलाला विरोध, असतो, एका मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री. एरवी हा आकडा कोणी विचारात घेत नाही. पण ३० अँपिअर ०.८ नॅनोसेकंदात चढतात तेव्हा एका सेंटिमीटरच्या ट्रॅकवर साडेतीनशेहून जास्त व्होल्ट उभे राहतात. टीव्हीएस स्वतः ९ व्होल्टला धरून बसलाय, आणि त्याच्या पायाला जोडलेल्या सेंटिमीटरभर ट्रॅकने त्यात साडेतीनशेची भर घातलीय. चिपला दिसते ती बेरीज.

म्हणून टीव्हीएस कनेक्टरला खेटून. सिग्नलचा ट्रॅक कनेक्टरमधून निघून टीव्हीएसच्या पॅडवरून गेला पाहिजे आणि मग पुढे. टीव्हीएस बाजूला फांदीवर लटकलेला नको. ग्राउंडचा पाय थेट ग्राउंड प्लेनमध्ये, म्हणजे ग्राउंडच्या सलग तांब्याच्या थरात, शक्यतो दोन-तीन व्हायांनी (थर जोडणाऱ्या भोकांनी). आणि कनेक्टर ते टीव्हीएस या पट्ट्याशेजारून क्लॉकचे (चिपला ताल देणाऱ्या सिग्नलचे) किंवा रीसेटचे ट्रॅक नेऊ नयेत, नाहीतर ठिणगी न शिवताही चिप रीसेट होते. पार्ट दहा रुपयांचा असो की शंभरचा, जागा चुकली तर सारखेच वाया.

प्रत्येक इनपुटला हेच औषध लागू पडत नाही. बटणाच्या वायरवर १०० नॅनोफॅरड चालतात, उलट कॉन्टॅक्टची थरथरही त्यात मुरते. पण आयटूसीच्या, म्हणजे चिपांना एकमेकींशी बोलायला लागणाऱ्या दोन तारांच्या, बसवर एकूण ४०० पिकोफॅरडची मर्यादा आहे आणि यूएसबीची वेगवान लाइन काही पिकोफॅरडमध्येच आडवी होते. तिथे कमी क्षमतेचे खास टीव्हीएस लागतात. यूएसबीसाठी यूएसबीएलसी६-२ पुष्कळ बोर्डांवर दिसतो. आणि पीएच मोजणाऱ्या इलेक्ट्रोडसारखा अति-नाजूक सिग्नल असेल तर प्रश्न गळतीचा. १ मेगाओहमच्या सेन्सरवर डायोडमधून १ मायक्रोअँपिअर गळला की मोजमापात १ व्होल्टची चूक. शॉट्की इथे वापरूच नये. बीएव्ही१९९ सारखा डायोड नेहमीच्या तापमानाला पिकोअँपिअरमध्ये गळतो, तो घ्यावा.

दवाखान्यातल्या यंत्राचं काय केलं ते सांगतो. डिस्प्लेच्या पेटीत वायर आत येते तिथल्या टर्मिनलच्या पायांवरच टीव्हीएस आणि १०० नॅनोफॅरड सोल्डर केले. पुढे १ किलोओहम, मग पिन. पुल-अप (बटण दाबलेलं नसताना पिनला पुरवठ्याच्या व्होल्टेजवर धरून ठेवणारा रेझिस्टर) १० किलोओहमचा, टर्मिनलच्या बाजूला. सुट्या दोन तारांऐवजी पिळलेली जोडी टाकली. आणि स्टीलचं बटण काढून प्लास्टिकच्या टोपीचं बसवलं. खरं तर हे शेवटचं काम सगळ्यात आधी सुचायला हवं होतं, कारण बोट धातूपर्यंत पोचलंच नाही तर ठिणगीला जागाच उरत नाही. धातूचं बटण ठेवणं भागच असेल तर त्याच्या अंगाला वेगळी वायर जोडून ती अर्थिंगला न्यावी, सिग्नलच्या ग्राउंडवरून फिरवू नये.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पार्ट आणणाऱ्यांसाठी थोडं हाताळणीबद्दल. सीमॉस आयसी थर्माकोलमध्ये टोचून दिला तर घेऊ नका. थर्माकोल स्वतःच चार्ज साठवणारा आहे. काळ्या, वीजवाहक फोममध्ये सगळ्या पिना एका पातळीवर राहतात, तो मागून घ्या. पार्ट ठेवायची गुलाबी पिशवी स्वतः चार्ज निर्माण करत नाही, पण बाहेरच्या ठिणगीपासून वाचवत नाही. ते काम चंदेरी, धातूचा थर असलेल्या पिशवीचं. मनगटाच्या पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, आणि तो काढून "चांगलं अर्थिंग" करणारे मी पाहिले आहेत. तो तुमच्या जिवासाठी आहे. चुकून २३० व्होल्टला हात लागला तर तो करंट पाव मिलिअँपिअरच्या आत ठेवतो, आणि चार्ज निथळायला १ मेगाओहमही भरपूर आहे. रेझिस्टर काढलेला पट्टा कधीही बांधू नका.

बोर्ड तयार झाला की खरी तपासणी ईएसडी गनने, म्हणजे मोजून स्टॅटिकच्या ठिणग्या सोडणाऱ्या यंत्राने, होते, आणि ती प्रयोगशाळेतच. घरी मी स्वयंपाकघरातला पिझो लायटर वापरतो, अर्थात गॅसपासून दूर, दुसऱ्या खोलीत. त्याच्या टोकाला हजारो व्होल्ट येतात. ते टोक चालू बोर्डाच्या इनपुटजवळ धरून वीस-पंचवीस वेळा कट-कट करायचं आणि नंबर पळतो का, रीसेट होतो का ते पाहायचं. लायटरमधली ऊर्जा माणसाच्या अंगावरच्या चार्जपेक्षा कमी असते, म्हणून यात पास झालेला बोर्ड सुरक्षित ठरत नाही. पण यात नापास झालेला बोर्ड बाहेर पाठवू नये. माझ्या जुन्या बोर्डावर पहिल्याच कटला नंबर तीनने पुढे गेला होता.